दोन पिढ्यांची सर्जनशील संवाद-कार्यशाळा कशी घ्यावी

वेगवेगळ्या वयांच्या माणसांना एकत्र आणायचे म्हटले की बहुतेक आयोजकांच्या डोळ्यांसमोर एकच मांडणी येते: पुढे खुर्चीवर एखादी ज्येष्ठ व्यक्ती, तिच्यासमोर रांगेत बसलेली मुले, तासभर आठवणी, टाळ्या आणि आभारप्रदर्शन. असा कार्यक्रम वाईट नसतो, पण ते व्याख्यान असते. एका पिढीकडे सांगण्याचे काम जाते, दुसरीकडे ऐकण्याचे, आणि चिंतनाची वेळ दोघांवरही येत नाही. कारण ज्येष्ठ व्यक्ती पुष्कळदा सांगून सांगून गुळगुळीत झालेली गोष्टच पुन्हा सांगते आणि मुले ती अदबीने ऐकून घेतात.

मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये असे मांडले की दोन गटांमधले पूर्वग्रह नुसत्या भेटीने कमी होत नाहीत. त्या भेटीत दोन्ही बाजूंना समान दर्जा असावा लागतो, उद्दिष्ट सामाईक असावे लागते, ते गाठताना एकमेकांची मदत घ्यावी लागते आणि या भेटीला समाजातील अधिकारी मंडळींचा पाठिंबा असावा लागतो. त्यांचे लेखन प्रामुख्याने वांशिक पूर्वग्रहांविषयी होते, तरी पिढ्यांच्या बाबतीतही या चार अटी आखणीसाठी नेमक्या उपयोगी पडतात. त्यांतली समान दर्जाची अट सर्वांत अवघड आहे. अनुभव एकाकडे जास्त असतो, चपळाई दुसऱ्याकडे, आणि हे दोघांनाही पक्के ठाऊक असते. चित्र, माती, कात्रणे किंवा कल्पित गोष्ट यांचा उपयोग इथे होतो. ज्या कामात दोघेही सारखेच नवशिके आहेत असे काम हातात आले की वयाचा अधिकार थोडा वेळ बाजूला राहतो, आणि नजर एकमेकांच्या चेहऱ्यावरून हटून समोरच्या कागदावर गेल्यामुळे बोलणेही सोपे होते. पुढची सगळी आखणी या एका गोष्टीसाठी आहे.

माणसे जमवताना

बारा ते सोळा सहभागी पुरेसे असतात. त्यांत निम्मे साठीच्या पुढचे आणि निम्मे पंधरा ते पंचवीस वयाचे असावेत, आणि त्यांचे चार-चार जणांचे गट करावेत. प्रत्येक गटात दोन ज्येष्ठ आणि दोन तरुण हवेत. एकाच तरुणाला तीन ज्येष्ठांमध्ये बसवले तर तो पाहुणा होतो; एकाच ज्येष्ठाला तीन तरुणांमध्ये बसवले तर तो परीक्षक होतो. मधल्या वयाच्या माणसांना बोलवायचे असेल तर जरूर बोलवावे, मात्र त्यांच्यावर दोन टोकांमधील दुभाष्याची भूमिका आपोआप येते आणि मग तेच जास्त बोलतात, हे लक्षात ठेवावे. सख्खे आजी-आजोबा आणि नातवंडे यांना शक्यतो वेगवेगळ्या गटांत बसवावे. घरातल्या माणसासमोर जे बोलायला संकोच वाटतो, ते तितक्याच वयाच्या परक्या माणसाशी सहज बोलता येते, आणि घरातल्या गोष्टीचा शेवट श्रोत्याला आधीच ठाऊक असतो.

निमंत्रणाच्या शब्दांकडे लक्ष द्यावे. ‘ज्येष्ठांच्या एकाकीपणावर उपाय’ किंवा ‘तरुणांना संस्कार’ अशी भाषा वापरली की कोणीतरी दाता आणि कोणीतरी याचक ठरतो. वयावरून माणसाची किंमत ठरवण्याच्या वृत्तीला रॉबर्ट बटलर या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने १९६९ मध्ये स्वतंत्र नाव दिले. जागतिक आरोग्य संघटनेने या विषयावर २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात ही वृत्ती वृद्धांप्रमाणे तरुणांच्याही वाट्याला येते हे स्पष्ट केले आहे आणि ती कमी करण्यासाठी कायदे व धोरणे, शिक्षण आणि पिढ्यांमधला प्रत्यक्ष संपर्क असे तीन मार्ग सुचवले आहेत. तेव्हा निमंत्रणात कोणाच्याही उणिवेचा उल्लेख न करता काय करायचे आहे तेवढेच लिहावे: ‘आपण दहा वर्षांचे असताना राहत होतो त्या जागेचा नकाशा सर्वांनी मिळून काढू या.’

कार्यशाळेच्या काही दिवस आधी दोन्ही वयोगटांशी वेगवेगळे, अर्धा तास तरी बोलून घ्यावे. ‘समोरची मंडळी आपल्याला काय समजतील अशी धास्ती वाटते?’ हा एकच प्रश्न पुरतो. तरुणांना बहुधा आपण अडाणी किंवा उद्धट ठरू अशी भीती असते आणि ज्येष्ठांना आपण कंटाळवाणे किंवा कालबाह्य ठरू अशी. ही उत्तरे पुढे सर्वांसमोर वाचून दाखवायची नसतात. गट पाडताना आणि प्रश्न निवडताना ती संचालकाच्या कामी येतात.

जागा

जागेचे महत्त्व आयोजकांना फारसे वाटत नाही, पण निम्म्या कार्यशाळा तिथेच बिघडतात असे माझे मत आहे. वयोमानाने ऐकू येणे कमी होते तेव्हा आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ यांसारखी व्यंजने त्याच पट्टीत येतात, म्हणून आवाज ऐकू येतो पण शब्द कळत नाही, आणि आजूबाजूला गलबला असेल तर हा त्रास कितीतरी वाढतो. अशा वेळी मोठ्याने ओरडून उपयोग होत नाही. गट एकमेकांपासून लांब बसवावेत, शक्य असेल तर दोन खोल्या घ्याव्यात, उघड्या फरशीवर सतरंजी अंथरावी, पंख्यांची घरघर आणि पार्श्वसंगीत बंद ठेवावे. बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड हवा, म्हणजे ओठांच्या हालचालींची मदत मिळते. खिडकीकडे पाठ करून संचालकाने कधीही बसू नये. सूचनांचे कागद अठरा पॉइंटच्या ठळक अक्षरांत, पांढऱ्यावर काळे असे छापावेत. खुर्च्यांना पाठ आणि हात असावेत, टेबलाची उंची चाकाच्या खुर्चीला चालेल अशी असावी आणि स्वच्छतागृह त्याच मजल्यावर असावे. नावाच्या चिठ्ठीवर प्रत्येकाने आपल्याला ज्या नावाने हाक मारलेली आवडते ते नाव मोठ्या अक्षरांत स्वतः लिहावे. सगळ्या ज्येष्ठ स्त्रियांना सरसकट आजी म्हणण्याची सवय प्रेमळ असली तरी ती त्यांना एका भूमिकेत बांधून टाकते.

काम कोणते निवडावे

निवडीची कसोटी अशी: ते काम दोन्ही वयोगटांपैकी कोणालाच विशेष येत नसावे, समजून सांगायला पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागू नये, हात गुंतून राहिले तरी तोंड मोकळे राहावे आणि अर्धवट राहिले तरी ते वाईट दिसू नये. या कसोटीवर बारीक भरतकाम, सुलेखन किंवा वास्तववादी चित्रकला उतरत नाही. तरुणांनी ज्येष्ठांना मोबाइल शिकवणे हा उपक्रम उपयुक्त आहे, पण तो शिकवणीचा वर्ग आहे. त्यात दर्जाचे पारडे फक्त उलट बाजूला झुकते. स्पर्धा आणि बक्षिसे तर पूर्ण टाळावीत.

पहिल्या भेटीसाठी मला आठवणीतला नकाशा सर्वांत भरवशाचा वाटतो. प्रत्येकाने मोठ्या कागदावर, दहाव्या वर्षी आपण राहत होतो ते घर आणि तिथून रोज ज्या रस्त्याने जात होतो तो रस्ता काढायचा. प्रमाण, दिशा, सौंदर्य यांची पर्वा करायची नाही. फक्त तीन खुणा करायच्या: आवडती जागा, भीतीची जागा आणि जिथे जायला मनाई होती ती जागा. वयाच्या या निवडीमागे कारण आहे. उतारवयातल्या माणसांना आयुष्यातले प्रसंग आठवायला सांगितले तर साधारण दहा ते तीस या वयातले प्रसंग त्यांना प्रमाणाबाहेर जास्त आठवतात, असे स्मृतीच्या अभ्यासांतून वारंवार दिसून आले आहे. तरुण सहभागी त्याच वयातून नुकतेच बाहेर पडलेले किंवा अजून त्याच वयात असतात. म्हणजे सत्तर वर्षांची व्यक्ती आणि सतरा वर्षांची व्यक्ती यांची आठवणींची सर्वांत दाट जागा जवळजवळ एकच असते, आणि मनाईच्या जागेवरून सुरू झालेले बोलणे ‘कोणी मनाई केली, का केली, तुम्ही ऐकलेत का’ या वाटेने आपणहून खोल जाते.

दुसरा पर्याय म्हणजे एखादे चित्र सर्वांनी मिळून पाहणे. अभ्यासक अ‍ॅबिगेल हाउसन आणि संग्रहालय-शिक्षक फिलिप येनावाइन यांनी विकसित केलेल्या पद्धतीत संचालक माहिती सांगत नाही, तीनच प्रश्न विचारतो: या चित्रात काय चालले आहे? असे तुम्हाला कशावरून वाटले? आणखी काय दिसते? प्रत्येक उत्तर तो आपल्या शब्दांत पुन्हा मांडतो आणि चित्रातली ती जागा बोटाने दाखवतो. ‘कशावरून’ या प्रश्नामुळे वयाच्या जोरावर दिलेले मत आणि भीत भीत दिलेले मत या दोघांनाही पुरावा द्यावा लागतो.

स्मृतिभ्रंश असलेल्या सहभागींसोबत आठवणींवर आधारलेले काम टाळावे, ‘आठवते का?’ हा प्रश्न त्यांच्यासाठी परीक्षाच असतो. अशा व्यक्तींसाठी अ‍ॅन बास्टिंग यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस रुजवलेली पद्धत वापरावी. गटासमोर एक विलक्षण चित्र ठेवायचे आणि ‘हिचे नाव काय ठेवू या? ही कुठे निघाली असेल?’ असे प्रश्न विचारायचे. येईल ते उत्तर, असंबद्ध असले तरी, जसेच्या तसे फळ्यावर लिहायचे आणि अधूनमधून संपूर्ण गोष्ट मोठ्याने वाचून दाखवायची. कल्पनेत चूक नसते, त्यामुळे किशोरवयीन मुले इथे चटकन रमतात.

भेटी अनेक होणार असतील तर छायाचित्रांचा विचार करावा. कॅरोलिन वांग आणि मेरी अ‍ॅन बरिस यांनी १९९०च्या दशकात चीनच्या युन्नान प्रांतातील ग्रामीण स्त्रियांच्या हाती कॅमेरे देऊन हा मार्ग आखला: लोकांनी स्वतःच्या जगण्याची छायाचित्रे स्वतः काढायची आणि त्यांवर गटात चर्चा करायची. पिढ्यांच्या कार्यशाळेत सर्वांना एकच विषय द्यावा, उदाहरणार्थ ‘मी एकटा असतो ती जागा’, आणि प्रत्येकाकडून दोनच छायाचित्रे मागवावीत. मोबाइलमधली चाळीस छायाचित्रे पाहण्यात सगळा वेळ जातो आणि बोलणे होतच नाही.

प्रश्न

काम हाताला वळण लावते, पण चिंतन होते ते प्रश्नांमुळे, आणि आयोजक याच ठिकाणी सर्वांत कमी तयारी करतात. पहिला नियम असा की प्रत्येक प्रश्न दोन्ही पिढ्यांना तितकाच लागू व्हावा आणि दोघांनीही त्याचे उत्तर द्यावे. ‘तुमच्या काळी कसे होते?’ हा प्रश्न या नियमात बसत नाही. ‘आजच्या मुलांना काय सांगाल?’ हा तर उपदेशाला दिलेले आमंत्रणच आहे. त्यांच्याऐवजी असे विचारता येते: घरच्यांपासून लपवलेली पहिली गोष्ट कोणती? तुमच्यावर पहिल्यांदा कोणी विश्वास टाकला? कोणाचे ऐकले नाही याचा आज आनंद वाटतो? जे काम आवडत नाही तेच चांगले जमते, असे काम कोणते? या प्रश्नांना वय लागत नाही.

दुसरा नियम क्रमाचा. आधी दिसणाऱ्या गोष्टी विचाराव्यात, मग निर्णय, मग अर्थ. नकाशाच्या बाबतीत ‘या दारातून काय दिसायचे?’ हे आधी, ‘इथून निघून जाण्याचे कोणी ठरवले?’ हे त्यानंतर आणि ‘आज तिथे परत गेलात तर कोणाला शोधाल?’ हे सर्वांत शेवटी. अर्थाचा प्रश्न आधी विचारला तर उत्तर सुविचारासारखे येते. बटलर यांनीच १९६३ मध्ये म्हातारपणी मागे वळून पाहण्याला आयुष्याचे पुनरावलोकन म्हटले. हे मन थकल्याचे लक्षण नसून स्वाभाविक प्रक्रिया आहे असे त्यांचे म्हणणे होते, आणि तिच्यातून समाधानाप्रमाणे पश्चात्ताप किंवा उदासीही वर येऊ शकते असेही त्यांनी बजावले होते. आपले प्रश्न नेमकी हीच प्रक्रिया सुरू करतात. म्हणूनच क्रमाची घाई करू नये.

ऐकण्याची शिस्त गोष्टींच्या वर्तुळातून येते. अमेरिकेच्या दक्षिण भागातील नाट्यकर्मी जॉन ओ’नील यांनी ही रीत आपल्या कामात रुजवली. सर्वांनी गोल बसायचे, एकामागून एक प्रत्येकाने ठरावीक वेळात एक गोष्ट सांगायची, मध्ये कोणी बोलायचे नाही, प्रश्न विचारायचे नाहीत, आणि वर्तुळ पूर्ण झाल्याशिवाय चर्चा करायची नाही. पाळी सोडण्याची मुभा असते. सोडणाऱ्याला शेवटी पुन्हा विचारायचे. प्रत्येकाला चार मिनिटे द्यावीत आणि वेळ मोजण्याचे काम प्रत्येक फेरीत दुसऱ्या पिढीकडे सोपवावे. उत्तर देण्याआधी कोणी गप्प राहिले तर संचालकाने मनातल्या मनात दहापर्यंत मोजावे; बहुतेक वेळा सातवर उत्तर सुरू होते.

दोघांनाच समोरासमोर बसवायचे असेल तर स्टोरीकॉर्प्सचा नमुना पाहावा. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकातल्या एका छोट्या ध्वनिकक्षात हा उपक्रम सुरू झाला. ओळखीची दोन माणसे सुमारे चाळीस मिनिटे एकमेकांशी बोलतात आणि मदतीला एक प्रशिक्षित व्यक्ती असते. वेळेची मर्यादा ठरलेली असल्यामुळे माणसे महत्त्वाचे बोलणे पुढे ढकलत नाहीत.

दोन तासांची बैठक

पहिली पंधरा मिनिटे येण्या-बसण्याची आणि नावाच्या चिठ्ठ्यांची. पुढची पंधरा हात मोकळे करण्याची: डोळे मिटून शेजाऱ्याचा चेहरा एका रेषेत काढणे यासाठी उत्तम, कारण सगळ्यांचीच चित्रे सारखीच फसतात. मग पस्तीस मिनिटे मुख्य काम, पंधरा मिनिटे विश्रांती, पंचवीस मिनिटे गटागटात वर्तुळ, आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत प्रत्येकाने एक वाक्य लिहायचे: ‘आज मी पहिल्यांदा विचार केला की…’ ज्यांना लिहिणे जड जाते त्यांचे वाक्य शेजाऱ्याने लिहून घ्यावे. विश्रांती कापून वेळ वाचवण्याचा मोह होतो, पण खरी ओळख पुष्कळदा तेव्हाच होते. १९९५ मध्ये सुरू झालेल्या वर्ल्ड कॅफे पद्धतीत माणसे दर वीस-तीस मिनिटांनी टेबल बदलतात. गुडघे दुखणाऱ्या मंडळींना ते त्रासाचे होते, म्हणून माणसांना जागीच ठेवून कागद फिरवावेत.

अवघड क्षण

कोणी रडू लागले तर काम थांबवण्याची गरज नसते. पाण्याचा पेला आणि ‘थोडे थांबायचे आहे की पुढे सांगायचे आहे?’ एवढे विचारणे बहुधा पुरते. सांत्वनाची भाषणे करू नयेत. मात्र संचालक हा उपचारक नाही. गरज पडल्यास कोणाकडे पाठवायचे, ते नाव आणि दूरध्वनी क्रमांक आधीच जवळ ठेवावेत. एखाद्या अल्पवयीन मुलाने आपल्यावर अत्याचार होत असल्याचे सांगितले तर गुप्ततेचे वचन देता येत नाही, आणि हे सुरुवातीच्या नियमांतच सर्वांना सांगून ठेवावे. कोणत्याही प्रौढाला अल्पवयीन सहभागीसोबत बंद खोलीत एकटे सोडू नये.

एखादी ज्येष्ठ व्यक्ती उपदेशाकडे वळली तर तिला तोडू नये. ‘हे तुम्हाला कळले तेव्हा तुमचे वय काय होते, आणि कोणत्या प्रसंगाने कळले?’ असे विचारावे. सिद्धान्त सोडून गोष्टीवर यावे लागते आणि मान राखला जातो. तरुण सहभागी एका शब्दात उत्तरे देऊ लागले तर बहुतेक वेळा प्रश्न फार मोठा झालेला असतो, तो लहान करावा. राजकारण किंवा श्रद्धा यांवरून वाद पेटला तर मतांवर निर्णय न देता ‘तुम्ही स्वतः काय पाहिलेत?’ या प्रश्नाकडे दोघांनाही आणावे. तरीही वाद शमला नाही तर पुन्हा हातातल्या कामाकडे वळावे. अपूर्ण कागद त्यासाठी समोर असतोच.

संमती आणि मोजमाप

छायाचित्र काढणे, आवाज ध्वनिमुद्रित करणे, प्रदर्शनात लावणे आणि इंटरनेटवर टाकणे या चार गोष्टींसाठी चार वेगवेगळ्या संमती घ्याव्यात. अल्पवयीनांच्या बाबतीत पालकांची आणि त्यांची स्वतःची, दोन्ही. संमती नंतर मागे घेता येते हे तोंडी सांगावे आणि कागदावरही लिहावे. सांगणाऱ्याच्या गोष्टीत तिथे हजर नसलेली माणसेही असतात, त्यांची नावे प्रदर्शनापूर्वी काढून टाकावीत. तयार झालेली वस्तू करणाऱ्याची असते. संस्थेला हवी असेल तर तिने प्रत घ्यावी.

‘आवडले का?’ या प्रश्नाला सगळे हो म्हणतात, म्हणून त्यातून काही कळत नाही. पहिल्या बैठकीपूर्वी प्रत्येकाकडून दुसऱ्या पिढीविषयी मनात येणारे तीन शब्द निनावी लिहून घ्यावेत आणि शेवटच्या बैठकीनंतर पुन्हा घ्यावेत. फरक पडला असेल तर तिथे दिसतो. मोठे दावे मात्र करू नयेत. एमरी विद्यापीठातील मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिव्हुश यांना कुटुंबाच्या गोष्टी जास्त माहीत असणाऱ्या मुलांमध्ये आत्मसन्मान जास्त आढळला, ही गोष्ट निधी मागणाऱ्या अर्जांत हमखास येते. पण तो सहसंबंध आहे, गोष्टी पाठ करून घेतल्याने मुलांचा आत्मसन्मान वाढेल असे त्यावरून सिद्ध होत नाही.

एकाच बैठकीत पुढची मजल गाठली जात नाही. पंधरा दिवसांच्या अंतराने चार ते सहा बैठका ठेवाव्यात, गट तेच ठेवावेत, आणि तिसऱ्या बैठकीपासून संचालनाची जबाबदारी प्रत्येक वेळी एका ज्येष्ठ आणि एका तरुण सहभागीच्या जोडीकडे द्यावी. त्या जोडीने आठवडाभर आधी भेटून काम आणि तीन प्रश्न निवडावेत, मूळ संचालकाने ते प्रश्न दोन्ही पिढ्यांना सारखे लागू होतात की नाही एवढेच तपासावे, आणि बैठकीच्या दिवशी इतरांसारखीच नावाची चिठ्ठी लावून एखाद्या गटात बसावे.